‘रिकामा’ केग रिकामा नसतो

अमेरिकेत घरी बीअर करणाऱ्या मराठी मंडळींची तीच पत्रं पुन्हा आली आहेत: स्टीलचा जुना केग (बीअरचं पिंप) कापून वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) उकळायचं भांडं कसं करायचं?

प्रश्न: पार्टीचा केग परत केला नाही. डिपॉझिट भरलंय, म्हणजे तो माझाच ना?

नाही. डिपॉझिट म्हणजे किंमत नव्हे. केग ब्रूअरीचा. कापायचा असेल तर पावतीसकट विकत घ्या.

प्रश्न: बीअर संपली आहे. मधली नळी (स्पिअर) घरीच काढू का? व्हिडिओत स्क्रूड्रायव्हरने दोन मिनिटांत निघते.

ज्याच्या तोंडावर नळी बसली, तो व्हिडिओ टाकत नाही. बीअर संपली तरी आत कार्बन डायऑक्साइडचा दाब राहतो, आणि केग उन्हात पडला असेल तर तो वाढतो. केगचं तोंड साधारण दोन इंचांचं. आत 30 पीएसआय (दर चौरस इंचावर 30 पौंड) दाब उरला असेल तर नळीवर नव्वदेक पौंडांचा, म्हणजे चाळीस किलोंहून जास्त रेटा असतो. नळी धरून ठेवणारी वरची रिंग सुटली की तो सगळा तुमच्या वाकलेल्या चेहऱ्याकडे येतो. कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकण काढता का तुम्ही? मग इथेच कसली घाई? आधी उघड्यावर, सेफ्टी चष्मा लावून, आपला चेहरा बाजूला ठेवून केगच्या तोंडाचा व्हॉल्व्ह दाबायचा. फुसफुस थांबली तरी थोड्या वेळाने परत दाबायचा. कापायचा ग्राइंडर त्यानंतरच. आणि बंद केग शेगडीवर कधीही, कशासाठीही ठेवायचा नाही. पहिलाच केग असेल तर स्टीलचं काम करणाऱ्या फॅब्रिकेटरकडे न्या, हेच माझं उत्तर.

प्रश्न: थंडी आहे. गॅरेजचं दार अर्धं उघडून प्रोपेनची शेगडी लावली तर?

नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेगडी बाहेर.

प्रश्न: नळ वेल्ड करून घ्यावा का? दुकानदार ‘फूड ग्रेड’ म्हणून एक फिटिंग देतोय.

‘फूड ग्रेड’ कोणीही म्हणतं. स्टीलचा ग्रेड विचारा. 304 (स्टेनलेस स्टीलचा ग्रेड) असेल तर ठीक, जस्ताचा मुलामा असेल तर दुकानातच सोडून या, कारण वर्ट किंचित आम्लधर्मी असतो, त्यात जस्त उतरतं. वेल्डिंग करायचंच तर आतल्या बाजूने आर्गॉन वायू सोडणारा माणूस शोधा, नाहीतर सांधा आतून काळा, खरबरीत होतो आणि पुढे गंजतो. सिलिकॉन वॉशरचं, वेल्ड न करता बसणारं फिटिंगही मिळतं. आधी नुसतं पाणी उकळून गळती बघा.

प्रश्न: उकळलेला केग दोघांनी उचलला तर चालेल?

नाही. पन्नास लिटर वर्ट आणि केगचं वजन मिळून साठ किलोंच्या वर जातं. नळाने काढा किंवा गार होऊ द्या.