पुलाची कंपनं मोजताय? तापमानही नोंदवा

पुलाचं नुकसान झालं की त्याची वारंवारिता, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा कंपतो तो आकडा, सहसा उतरते; त्यावरून नुकसान शोधायचंय ना? मग वेव्हलेट, न्यूरल नेटवर्क वगैरे विश्लेषणाच्या भारी पद्धती सध्या गुंडाळून ठेवा. मोड शेपचं (कंपताना पूल कोणत्या आकारात वाकतो त्याचं) नंतर बघू. आधी एवढं जमवा:

१. सेन्सर घट्ट बसवा. टेपवर डुगडुगणारा अॅक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) पुलाचं नाही, स्वतःचंच कंपन सांगतो.

२. नोंद लांब घ्या. १० सेकंदांच्या नोंदीवर एफएफटी (नोंदीतल्या वारंवारिता वेगळ्या काढणारं गणित) मारली की आलेखातल्या दोन बिंदूंतलं अंतरच ०.१ हर्ट्झ, तुम्ही शोधताय तो वारंवारितेतला फरक त्याहून बारीक असू शकतो. दहा-पंधरा मिनिटं तरी हवीत. अँटी-एलियासिंग फिल्टर (खूप जलद कंपनं आधीच गाळणारा, नाहीतर ती खोट्या संथ कंपनांसारखी दिसतात) विसरू नका.

३. तापमान. नवखे हमखास फसतात ते इथे. स्वित्झर्लंडच्या झेड-२४ पुलावर १९९७-९८ मध्ये जवळपास वर्षभर नोंदी घेतल्या आणि पाडण्याआधी मुद्दाम नुकसान केलं. नुकसान करण्याआधीच, थंडीत डांबर कडक झाल्यावर, वारंवारिता चांगलीच चढायची. थंडी सरली की ती आपोआप उतरणारच; म्हणून आकडा उतरला की लगेच ‘तडा गेला’ म्हणून बोंब ठोकू नका. आधी सगळ्या ऋतूंची आधाररेषा (पुलाच्या नेहमीच्या आकड्यांची नोंद) तयार करा.

उलट फसगतही होते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या आय-४० महामार्गावरच्या पुलाचा गर्डर (भार पेलणारी मुख्य तुळई) १९९३ मध्ये मुद्दाम चार टप्प्यांत कापला. शेवटचा काप बसेपर्यंत वारंवारिता जवळपास ढिम्म! त्यामुळे आकडा जागेवर आहे म्हणजे पूल धडधाकट, असं कुणाला लिहून देऊ नका.

झेड-२४ चा डेटा संशोधनासाठी मिळतो. स्वतःचे सेन्सर घेण्याआधी त्यावर हात बसवा.