लेख भरपूर, पण लिंक कुणीच देत नाही

प्रश्न : सर, मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सायकलींविषयीच्या एका वेबसाइटसाठी लेख लिहिते. ‘सायकल चालवण्याचे दहा फायदे’ अशा लेखांसाठी मेहनत घेते, तरी दुसरी कुठलीच साइट त्यांची लिंक देत नाही. लिंक सरळ विकत घ्याव्यात, असं सहकारी म्हणतो. यातच करिअर करायचं तर काय शिकू?

उत्तर : विकतच्या लिंकचा नाद सोड. सर्च निकालात वर येण्यासाठी पैसे देऊन लिंक घेणं गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. 2012 मध्ये गूगलच्या सर्चमध्ये ‘पेंग्विन’ नावाचा बदल आला तो अशाच उद्योगांना आळा घालायला. जाहिरात म्हणून लिंक घ्यायला हरकत नाही, पण तिला ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ अशी खूण लावावी लागते.

आता तुझ्या लेखांचं. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये पेजरँकची, म्हणजे आलेल्या लिंकवरून पानाचं महत्त्व ठरवण्याची, पद्धत मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर शोधनिबंधांतल्या संदर्भांचं उदाहरण होतं. संशोधक दुसऱ्याचा संदर्भ कधी देतो? आपलं म्हणणं सिद्ध करायला त्याची आकडेवारी लागते तेव्हा. मग सायकलीवर लिहिणाऱ्या माणसाला तुझे दहा फायदे कशाला लागतील? ते त्याला पाठ आहेत! तू वाईट लिहितेस असं नाही. त्या लेखावाचून कुणाचं अडत नाही.

तुझ्याच विषयातले शेल्डन ब्राउन बघ. हे अमेरिकन सायकल मेकॅनिक 2008 मध्ये वारले, पण त्यांच्या साइटकडे लोक आजही बोट दाखवतात. दिसायला ती अगदी साधी. पण ‘26 इंची’ म्हणून विकले जाणारे सगळे टायर एकाच रिमवर बसत नाहीत. कुणाला 559 मिलिमीटरचा रिम लागतो, तर कुणाला 590 चा. ही मापं त्यांनी तक्त्यात नीट मांडून ठेवली. दुकानदाराला, फोरमवर उत्तर देणाऱ्याला, लेखकाला पुन्हा सगळं समजावत बसण्यापेक्षा तिकडे लिंक देणं सोपं पडतं.

म्हणून शब्दांची सफाई थोडी बाजूला ठेवून माहिती गोळा करायला शिक. स्प्रेडशीट चांगली यायला हवी. मेकॅनिकांकडे जा, कोणता भाग किती किलोमीटरनंतर बदलावा लागतो ते विचार, नोंदी ठेव, किती जणांना विचारलं तेही पानावर लिही. किंवा गिअर रेशो काढून देणारं छोटं कॅल्क्युलेटर कर. कोडिंग येत नसेल तर येणाऱ्या मित्राला गाठ. पान अद्ययावत करत राहा, मात्र त्याचा पत्ता बदलू नकोस. बदलावाच लागला तर रीडायरेक्ट लाव, म्हणजे जुन्या पत्त्यावर येणारा आपोआप नव्या पत्त्यावर जाईल; नाहीतर आलेल्या लिंक मोडतील.

एक गोष्ट नवखे हमखास विसरतात. पान कितीही चांगलं असलं तरी ते आहे हे कळल्याशिवाय लिंक कोण देणार? त्या विषयावर आधी लिहिलेल्यांना दोन ओळींचा ईमेल पाठव. लिंक मागू नकोस, काय नवं सापडलं तेवढं सांग. (‘तुमचा लेख फार आवडला’ छापाचे ईमेल माझ्याकडेही येतात. मी ते उघडतही नाही.)

मुलाखतीत सगळे लेख दाखवण्यापेक्षा असं एकच पान दाखव आणि त्याला कुणी, कशासाठी लिंक दिली ते सांग. सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात, कुणी लिंक दिल्या त्याचा अहवाल फुकट मिळतो. सध्याच्या वरिष्ठांनाही आधीच कल्पना दे की अशा पानाला लिंक यायला काही महिने लागू शकतात. नाहीतर पुढच्याच आठवड्यात ते तुला पुन्हा ‘दहा फायदे’ लिहायला बसवतील.