परदेशात स्थायिक झालेल्या वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंशाचं निदान उशिरा का होतं?

मुख्य अडचण भाषेची. या आजारात नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी निसटते, मातृभाषा जास्त टिकते. चाळीस वर्षं परक्या भाषेत नोकरी केलेले आजोबा एक दिवस नर्सकडे मातृभाषेतच पाणी मागतात. तिला वाटतं, बरळताहेत. मग दुखणं, ताप, भूक, सगळंच उशिरा कळतं.

चाचण्यांचाही घोळ आहेच. १९७५ची ३० गुणांची एमएमएसई ही स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासणारी चाचणी भाषा आणि शिक्षणावर फार अवलंबून. कमी शिकलेला धडधाकट माणूसही तीत कमी गुण मिळवू शकतो. म्हणूनच सिडनीत भाषा-शिक्षणावर कमी अवलंबून असलेली 'रुडास' ही चाचणी तयार झाली (२००४). डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा. आणि दुभाषी बाहेरचाच घ्या. घरचा मुलगा नकळत वडिलांची उत्तरं सावरून सांगतो.