प्रश्न तुमचे, उत्तर डॉक्टरांचे : कागदावर न आलेले नैराश्य

प्रश्न : मी अमेरिकेत एका कर्करोग केंद्रात परिचारिका आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या अनेक श्वेतवर्णीय रुग्णांच्या कागदपत्रांत नैराश्याचे निदान आणि त्यावरील औषधे दिसतात. कृष्णवर्णीय रुग्णांच्या कागदांवर मात्र बहुधा ‘थकवा’ एवढीच नोंद असते. इथल्या पाहण्यांतही कृष्णवर्णीयांत नैराश्याचे प्रमाण कमी आढळते, असे वाचले. मग या स्त्रिया मनाने अधिक खंबीर असतात असे समजावे का?

उत्तर : तसे समजू नये. आपण वाचलेली माहिती खरी आहे, पण अर्धीच आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत, आयुष्यात कधी ना कधी तीव्र नैराश्य आलेल्यांचे प्रमाण श्वेतवर्णीयांत सुमारे 18 टक्के, तर आफ्रिकी-अमेरिकनांत सुमारे 10 टक्के होते. मात्र ज्यांना नैराश्य आले, त्यांच्यात ते चिवटपणे टिकून राहिल्याचे प्रमाण श्वेतवर्णीयांत 39 टक्क्यांच्या आसपास, तर आफ्रिकी-अमेरिकनांत 56 टक्क्यांवर होते आणि या आफ्रिकी-अमेरिकन रुग्णांपैकी निम्म्याहून कमी जणांनाच काही उपचार मिळाले होते. ही पाहणी सर्वसाधारण लोकांची होती. नैराश्यावर कर्करोगाचे निदान, शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी यांचा भार चढला की काय होत असेल, ते आपण रोज पाहता.

निदान निसटते कसे, हे पाहायचे तर आपल्याकडचा नैराश्य तपासण्याचा पीएचक्यू-9 हा तक्ता समोर घ्या. त्यात नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला 0 ते 3 गुण असतात आणि बेरीज 10 किंवा त्याहून अधिक झाली तर पुढील तपासणी करावी असा संकेत आहे. यातील झोप, थकवा, भूक आणि एकाग्रता या चार प्रश्नांची उत्तरे केमोथेरपी चालू असलेली कोणतीही रुग्ण ‘होय’ अशीच देईल. त्यामुळे डॉक्टर ते गुण केमोच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. जी रुग्ण ‘मला उदास वाटते’ असे उघड सांगते तिचे निदान होते. जी ‘अंगात त्राण नाही, अंग दुखते’ एवढेच सांगते तिच्या कागदावर थकवा लिहिला जातो. कृष्णवर्णीय स्त्रीने सगळे सोसून उभे राहिले पाहिजे, ही अपेक्षा तिच्या घरातूनही असते आणि दवाखान्यातूनही. आपल्या प्रश्नातला ‘खंबीर’ हा शब्द त्याच अपेक्षेतून आला आहे, असे मी स्पष्टच म्हणेन. शिवाय 1932 ते 1972 या काळात अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे सरकारी आरोग्य यंत्रणेने सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही उपचारांविना ठेवले होते. मनातले सगळे डॉक्टरांना सांगावे की नाही, याचा विचार करणाऱ्या रुग्णाला म्हणूनच संशयी ठरवता येत नाही.

याचा परिणाम केवळ मनापुरता राहत नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण श्वेतवर्णीयांपेक्षा किंचित कमी असूनही मृत्युदर सुमारे 40 टक्क्यांनी अधिक आहे. ट्रिपल निगेटिव्ह (ज्यावर हार्मोनची औषधे चालत नाहीत) हा आक्रमक प्रकार त्यांच्यात जवळपास दुप्पट आढळतो, हे त्याचे एक कारण आहे; पण हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या गाठींतही ही दरी आहेच, आणि तिथे उपचार पाच ते दहा वर्षे रोज एक गोळी घेण्याचा असतो. नैराश्याने ग्रासलेल्या रुग्णांत ही गोळी मध्येच सुटण्याचा धोका वाढतो, विशेषतः विमा अपुरा असेल आणि कामावरून सुटी घेतल्यास पगार कापला जात असेल तेव्हा.

आपल्या हातात काय आहे, तर तक्ता भरून घेताना ‘पूर्वी ज्यात मन रमायचे त्यात आता रमते का’ हे शांतपणे, शक्यतो नातेवाइकांना बाहेर बसवून विचारणे. आत्महत्येच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाला होकार आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि रुग्णाला 988 ही राष्ट्रीय मदतवाहिनी सांगून ठेवा. तक्ता भरून घेणे सोपे असते, समुपदेशकाची वेळ मिळणे कठीण. म्हणून चिठ्ठी देऊन थांबू नका, वेळ ठरली का याचा फोन करा. हा पाठपुरावा एका ठरलेल्या व्यक्तीकडे सोपवला, तर उपचार टिकतात.

प्रश्न : टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कर्करोगावरील हार्मोनविरोधी गोळी चालू असताना नैराश्याची गोळी घेतली तर चालते का?

उत्तर : चालते, पण गोळी निवडून घ्यावी लागते. यकृतातील सीवायपी2डी6 हे विकर (एन्झाइम) टॅमॉक्सिफेनचे अधिक प्रभावी रूपात रूपांतर करते. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही औषधे त्यालाच जोरदार अडवतात. त्यामुळे रोग उलटण्याचा धोका नेमका किती वाढतो, यावर अभ्यासांत एकमत नसले, तरी पर्याय असताना टॅमॉक्सिफेनसोबत ही औषधे टाळणे शहाणपणाचे आहे. व्हेन्लाफॅक्सिन हे औषध या विकराला फारसे अडवत नाही आणि टॅमॉक्सिफेनमुळे अंगातून येणाऱ्या गरम वाफाही कमी करते. आधीपासून पॅरॉक्सेटिन चालू असेल तर ते एकाएकी बंद करू नये. कर्करोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांनाही दोन्ही गोळ्यांची माहिती देऊन, त्यांच्या देखरेखीखाली ते हळूहळू बदलून घ्यावे.