बियाण्याच्या कंपनीची टोपी आणि वरचं बटण

प्रश्न : आमचे आजोबा जन्मभर पांढरी टोपी घालणारे, पण हल्ली शेतात जाताना बियाण्याच्या कंपनीने फुकट दिलेली चोचवाली कॅप घालतात. परवा त्यांनी विचारलं, ह्याच्यावर हे बटण कशाला, ते तर कशातच अडकत नाही. मला सांगता आलं नाही. ही टोपी मुळात कुठली?
– एक वाचक, परभणी

उत्तर : आजोबांना आधी बटणाचं सांगा. कॅप सहसा सहा तिकोनी तुकडे जोडून शिवतात, सगळ्या शिवणी वर मधोमध एकाच जागी येतात आणि तिथे ओबडधोबड गाठ दिसते, ती झाकायला हे कापड मढवलेलं बटण. बाजूची बारकी भोकं मात्र खरंच कामाची, आत वारा लागतो.

टोपी अमेरिकेतली, बेसबॉलची. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर्स संघाचे खेळाडू १८४९ मध्ये गवताच्या हॅट घालून खेळायचे. १८६० च्या सुमारास ब्रुकलिनच्या एक्सेलसियर्स संघाने गोल माथ्याची, पुढे चोच असलेली टोपी आणली, कारण उंच उडालेला बॉल बघायला मान वर केली की ऊन थेट डोळ्यात जातं. १९०१ ला डेट्रॉइट टायगर्सनी टोपीवर वाघ लावला.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो पुढचा भाग. १९७० च्या दशकात तिकडे पशुखाद्य, बियाणं, ट्रॅक्टर विकणाऱ्या कंपन्यांनी समोर फोम, मागे जाळी अशा स्वस्त टोप्या बनवून त्यावर स्वतःचं नाव छापलं आणि शेतकऱ्यांना, ट्रकवाल्यांना फुकट वाटल्या, मागे टिचकीची प्लास्टिक पट्टी असल्यामुळे मापाची भानगडच नव्हती, कोणाच्याही डोक्यात बसायची. म्हणून तिला ट्रकर कॅप म्हणतात. म्हणजे आजोबांना मिळाली ती अगदी त्याच चालीने मिळाली, आणि माझं तर मत आहे की खेळाडूंची ही टोपी कष्टकऱ्यांची झाली ती ह्या फुकट वाटपामुळेच.

शहरात फॅशन झाली ती वेगळ्या वाटेने. १९९६ ला दिग्दर्शक स्पाइक ली यांनी टोप्या बनवणाऱ्या न्यू एरा कंपनीकडून न्यूयॉर्कच्या यांकीज ह्या बेसबॉल संघाची टोपी लाल रंगात बनवून घेतली, संघाची खरी टोपी गडद निळी. तेव्हापासून टोपी संघासाठी नाही तर जॅकेटला मॅच व्हावी म्हणूनही घेतली जायला लागली.

घरात कोणी उलटी घालत असेल तर रागावू नका, बॅटरच्या मागे बसणारा कॅचर तशीच घालतो, तोंडावरच्या जाळीला चोच आड येते म्हणून. आणि धुताना चोच भिजत ठेवू नका, फुकटच्या टोप्यांत बऱ्याचदा आत पुठ्ठा असतो.