पुडीवरचे हेझलनट आणि कपातला कच्चा शेंगदाणा

चिकमंगळूरच्या अरेबिका जातीच्या कॉफीच्या पुडीवर ‘हेझलनट, बदाम, कॅरॅमल’ असे छापलेले असताना घरच्या कपात कच्च्या शेंगदाण्याची, काहीशी कागदी चव का लागते आणि बियांना वरून अर्क लावतात का, असे सांगलीच्या एका सदस्याने विचारले आहे. अर्काची शंका आधी दूर करतो. अर्क लावलेली कॉफी ‘फ्लेवर्ड’ म्हणून वेगळी विकली जाते. स्पेशालिटी, म्हणजे निवडक उच्च प्रतीच्या, कॉफीच्या पुडीवरचे हे शब्द चव घेणाऱ्यांना त्या बीत काय जाणवले, एवढेच सांगतात.

आता तो गोडसर खमंगपणा येतो कुठून? कच्च्या अरेबिका बीत वजनाच्या साधारण 6 ते 9 टक्के सुक्रोज असते. रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या जातीत ते बरेच कमी. भाजताना ही साखर जवळजवळ सगळी मोडते. तिच्यातून निर्माण झालेल्या शर्करा आणि बीतील अमिनो आम्ले यांच्यात माइलार्ड अभिक्रिया होते आणि त्यातून पायराझिन नावाची, भाजलेल्या दाण्यांचा वास देणारी संयुगे तयार होतात. आपल्या साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा खवा परतताना तपकिरी आणि खमंग होतो, तोही याच अभिक्रियेने. त्यामुळे कपात प्रत्यक्ष साखर नगण्य असते आणि गोडवा मुख्यतः घशाच्या मागून नाकात जाणाऱ्या वासातून जाणवतो. नाक चिमटीत धरून एक घोट घ्या आणि मग सोडा. हेझलनट आणि कॅरॅमल दोन्ही त्या क्षणी परत येतात.

कच्च्या शेंगदाण्याची चव मात्र वेगळ्या घराण्यातली आहे आणि मी ती दोष मानतो. पूर्ण न पिकलेली फळे तोडली गेली की त्यांच्या बीत साखर कमी राहते, ती इतरांबरोबर भाजूनही तपकिरी होत नाही आणि फिकट पिवळसरच दिसते. अशा बीला या व्यवसायात ‘क्वेकर’ म्हणतात. अमेरिकेच्या स्पेशालिटी कॉफी संघटनेच्या जुन्या प्रतवारीत 100 ग्रॅम भाजलेल्या नमुन्यात असा एकही दाणा चालत नसे, यावरून तिचा परिणाम किती असतो ते लक्षात यावे. आपली पुडी अख्ख्या बियांची असेल, तर बिया पांढऱ्या ताटात दिवसाच्या उजेडात पसरा, फिकट बिया वेचून काढा आणि उरलेल्यांची कॉफी करून पाहा. फरक पडला, तर दोष निवडीचा होता.

सगळ्याच बिया फिकट असतील, तर शंका भाजणीवर घ्यावी. साधारण 196 ते 205 अंश सेल्सिअसला बी पहिल्यांदा तडतडते; त्यानंतर तिला पुरेसा वेळ न देता उतरवले, तर धान्याचा आणि गवताचा वास मागे राहतो. उलट पृष्ठभागावर तेल चमकू लागेपर्यंत भाजले, तर धुरकट कडवटपणा दाण्याची चव गिळून टाकतो. हेझलनट या दोन टोकांच्या मधल्या भाजणीत सापडते.

चवीची ओळख पक्की करायची असेल, तर हेझलनट शोधत बसू नका, कारण ते आपल्याकडे फार थोड्यांच्या तोंडात बसलेले असते. लोखंडी तव्यावर शेंगदाणे मंद आचेवर भाजा. एक कच्चा, एक अर्धवट आणि एक खमंग भाजलेला दाणा चावून लगेच कॉफीचा घोट घ्या. 2016 साली सुधारलेल्या चवचक्रातही, म्हणजे कॉफीच्या चवी गटवार मांडणाऱ्या गोल तक्त्यातही, दाण्यांच्या गटात शेंगदाणा, हेझलनट आणि बदाम एकत्रच आहेत.

करताना 15 ग्रॅम कॉफीला 240 मिलिलिटर पाणी, 92 ते 94 अंशांना, एवढे प्रमाण पुरेसे आहे, आणि चव कप कोमट झाल्यावरच घ्यावी. चिकोरी (एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळाची पूड) मिसळलेल्या पावडरीत ही चव शोधू नये. तिथला कॅरॅमलचा वास चिकोरीचाच असतो. बोअरचे पाणी जड असेल, तर तीच बी एकदा बाटलीबंद, कमी क्षारांच्या पाण्यात करून पाहा. क्षारयुक्त पाण्यात आंबटपणा दबतो आणि कॉफी खडूसारखी सपाट लागते. तिला ‘नटी’, म्हणजे दाण्याच्या चवीची, समजण्याची चूक सहज होते.