यजमानही नाचायलाच आलेला असतो

पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच दुसऱ्या शहरातल्या लिंडी हॉप एक्स्चेंजला, म्हणजे जॅझवरचा हा जोडीचा नाच नाचायला ठिकठिकाणचे डान्सर जमतात त्या तीन दिवसांच्या मेळाव्याला, निघाली आहेस, फॉर्मवर ‘स्थानिक डान्सरच्या घरी राहीन’ असं लिहून बसली आहेस, आणि आता धाकधूक होतेय. अनोळखी घरी कसं वागायचं, काय न्यायचं, पैसे द्यायचे का आणि पुण्यात आईबाबांना काय सांगायचं, हे तुझे प्रश्न. अगंतुगं चालेल असं तूच म्हणालीस, म्हणून तसंच लिहिते. अमेरिकेत चौदा वर्षं लिंडी नाचतेय. या काळात कितीतरी घरांत जमिनीवर अंथरूण टाकून झोपले आणि तितक्याच जणांना माझ्या हॉलमध्ये झोपवलं.

आधी एक गोष्ट पक्की समजून घे. आपल्याकडे पाहुणे आले की त्यांच्यासाठी कोणीतरी घरी थांबतं. इथे तुझी यजमान स्वतःच एक्स्चेंजला आलेली असते. वर्षभर वाट पाहिलेले तिचे तीन दिवस असतात, आणि बरेचदा त्यातला काही वेळ ती दारावर रिस्टबँड बांधण्यात किंवा खुर्च्या हलवण्यात घालवते. तिला तुझी सरबराई करायची नसते, तिला नाचायचं असतं आणि मधल्या वेळात चार तास झोपायचं असतं. त्या झोपेच्या आड न येणं हे तुझं पहिलं काम.

हे मला यजमान म्हणूनच उमगलं. पहिल्या वर्षी माझ्याकडे पाच जण होते आणि बाथरूम एकच. शनिवारी पहाटे चारला झोपून साडेआठला उठले आणि सगळ्यांसाठी पोहे करायला घेतले. पाहुणे अवघडून टेबलाशी बसले, अंघोळींची रांग लांबली आणि आमचा सगळ्यांचाच अकराचा क्लास हुकला. पोहे छान झाले होते, पण कोणालाच ते नको होते. आता मी आदल्या दिवशी ब्रेड, केळी, दूध आणि पीनट बटर ओट्यावर काढून ठेवते, वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून फ्रिजला लावते आणि किल्ली हातात देते. एवढ्यात पाहुणचार पुरा होतो.

आता तुझ्या बाजूचं. घर ठरलं की दोनतीन दिवसांत यजमानाला एक मेसेज कर. किती वाजता, कशाने पोचणार आहेस, लेट नाइट, म्हणजे पहाटेपर्यंत चालणारा नाच, संपेपर्यंत थांबणार की लवकर परतणार, मांजरकुत्र्याची अ‍ॅलर्जी आहे का, घोरतेस का. घोरणं लपवू नकोस. सांगितलंस तर तुला वेगळा कोपरा मिळेल. नाही सांगितलंस तर खोलीतले तिघं रात्रभर जागे राहतील. निघायच्या आदल्या दिवशी सर्दीताप वाटला तर तेही कळव आणि घरीच राहा. बंद हॉलमध्ये रात्रभर हातात हात घालून नाचणाऱ्यांत आजार फार लवकर पसरतो.

सोबत स्लीपिंग बॅग, उशी, टॉवेल, घरात घालायच्या चपला आणि कानात घालायचे बोळे ने. दर रात्रीला निदान दोन जास्तीचे टॉप लागतील, कारण तासाभरात घामाने चिंब होतं. ओले कपडे दुसऱ्याच्या सोफ्याच्या पाठीवर टाकायचे नाहीत; कुठे वाळत घालू ते विचारायचं, नाहीतर पिशवीत बांधून ठेवायचे. अत्तर, उग्र वासाचं डिओ, केसांचं तेल जपून वापर. घामाचा वास नको म्हणून आपण अंघोळ करतो ते उत्तमच, पण परफ्युमने डोकं दुखणारे लोक या मंडळींत पुष्कळ भेटतात. नाचाचे सुएड (मऊ चामड्याच्या) तळाचे बूट पिशवीतूनच ने-आण कर. ते ओल्या रस्त्यावर घातले की तळ खराब होतो.

खरी परीक्षा रात्री साडेतीनला असते. इथली लाकडी घरं पावलागणिक करकरतात आणि नळ सोडला की भिंतीतला पाइप घुमतो. अंग चिकट झालेलं असतं, अंघोळ करावीशी वाटते. म्हणून संध्याकाळीच विचारून ठेव: परत आल्यावर शॉवर घेतला तर चालेल का? चालत नसेल तर ओल्या टॉवेलने अंग पूस आणि झोप. रात्रीचे कपडे, ब्रश, चार्जर आधीच उशाशी काढून ठेव, म्हणजे अंधारात बॅगेच्या चेन ओढत बसावं लागणार नाही. सकाळी ज्याचा क्लास आधी, त्याची अंघोळ आधी. दहा मिनिटांत बाहेर.

यजमानाच्या गाडीतून परतणार असशील तर ती म्हणेल तेव्हा निघायचं. ‘हे शेवटचं गाणं’ असं म्हणत तिला दाराशी कोट घालून अर्धा तास उभं करायचं नाही. पहाटेपर्यंत थांबायचंच असेल तर परतायची सोय आधी स्वतः कर.

आपल्या माणसांचा घोळ होतो तो आग्रहाच्या बाबतीत. जेवायला विचारलं की आपण दोनदा ‘नको, नको’ म्हणतो आणि तिसऱ्यांदा वाढून घेतो. इथे तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही. भूक असेल तर पहिल्यांदाच हो म्हण. तसंच ‘हवं ते घे’ याचा अर्थ ओट्यावरचं आणि फळं. फ्रिजमधला नाव लिहिलेला डबा त्यात येत नाही.

राहण्याचे पैसे देऊ नकोस, बहुतेकांच्या ते मनाला लागेल. पेट्रोलचे मात्र न विचारता दे, किंवा रविवारच्या ब्रंचचं बिल तू दे. घरचा चिवडा नेलास तर फार आवडतो, पण शेंगदाण्यांची अ‍ॅलर्जी कोणाला नाही ना, हे आधी विचार. निघताना चादरी काढून घडी कर, गादीची हवा काढ, तुझे केस न्हाणीतून उचल.

आता जरा गंभीर. नाचताना आलेली जवळीक गाणं संपलं की संपते. ती घरात आणायचा हक्क पाहुण्यालाही नाही आणि यजमानालाही नाही. बाईच्याच घरी राहायचं असेल तर फॉर्मवर स्पष्ट लिही, यात काही उद्धटपणा नाही. घराचा पत्ता मैत्रिणीला पाठव. एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे बाजूला ठेव. काही खटकलं तर मध्यरात्रीही बॅग उचलून निघायचं आणि आयोजकांना फोन करायचा. कारण पटवून देत बसायची गरज नाही. एकदा एका शहरात यजमानाचं बोलणं मला खटकलं होतं. मी ते कोणालाच सांगितलं नाही आणि पुढच्या वर्षी तिथे दुसरी मुलगी राहायला गेली. मी बोलायला हवं होतं.

आईबाबांना वारीचं उदाहरण दे. वाटेवरच्या गावांत अनोळखी वारकऱ्यांना पडवीत, ओसरीवर जागा मिळते ती एका वाटेने चालतात म्हणून. या नाचाच्या इतिहासातही परक्या घराच्या आसऱ्याला मोठा अर्थ आहे. लिंडी हॉप न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढला. तिथली सॅव्हॉय बॉलरूम १९२६ साली उघडली आणि तिथे काळे-गोरे एका फरशीवर नाचत. पण तेच काळे नर्तक आणि वादक दौऱ्यावर निघाले की कितीतरी गावांत हॉटेलं त्यांना खोली देत नसत. मग कृष्णवर्णीयांच्या घरांत, खाणावळींत मुक्काम पडे. हार्लेममध्ये राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमनने १९३६ पासून काळ्या प्रवाशांसाठी ‘ग्रीन बुक’ छापायला घेतलं, त्यात हॉटेलांबरोबर अशा खासगी घरांचेही पत्ते असत. आपण हौसेने जमिनीवर झोपतो. त्यांच्यापुढे पर्याय नव्हता. हे आठवलं की मला दुसऱ्याच्या घराचं दार हलक्या हाताने लावावंसं वाटतं.

घर अजून ठरलं नसेल तर घाबरू नकोस. एकच स्वयंसेवक सगळ्यांच्या जोड्या लावत असतो आणि पुष्कळदा शेवटच्या आठवड्यात ईमेल येतो. त्याला एकदाच नम्रपणे विचार. आणि शहर कोणतं ते इथे लिही. तिथे माझी ओळख असली तर मी शब्द टाकते.